दुर्बिणीच्या अहवालात राहिलेली ओळ

बाबा,

मागच्या महिन्यात मी पक्षी पाहण्याची एक दुर्बीण तपासली आणि तिचा अहवाल लिहिला. अहवाल तीन पानांचा होता. त्यात सतरा नोंदी होत्या आणि त्यातली एकही नोंद मी न मोजता लिहिलेली नव्हती. तरीही तो अहवाल चुकला. कसा चुकला हे मी इथे कोणाला नीट सांगू शकलेले नाही. तुम्हाला फारसं समजावून सांगावं लागणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. या चौदा वर्षांत मी तुम्हाला काही लिहिलं नाही, आणि हेही कुठे टाकायचं नाही, तेव्हा मायना सोडून देते.

तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होते, म्हणून मी काय करते ते आधी सांगायला हवं. मी यंत्रदुरुस्तीचा डिप्लोमा केला आणि एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या यंत्रखोलीत नोकरीला लागले. लेव्हल, थिओडोलाइट, सूक्ष्मदर्शक, तराजू, जे येईल ते उघडायचं, पुसायचं, जुळवायचं, मोजायचं आणि शेवटी प्रमाणपत्रावर सही करायची. बाई स्क्रू-ड्रायव्हर धरते हे पाहायला पहिलं वर्षभर लोक दारातून डोकावून जात. आता जात नाहीत. आता आजूबाजूच्या दोन-चार कचेऱ्यांतूनही यंत्रं येतात आणि माझी सही झाली की पुन्हा कोणी तपासत नाही. माझ्याकडे स्वतःचं म्हणावं असं एवढंच आहे, ती सही. बाकी मी तिथे कोणाला फार काही माहीत होऊ दिलेलं नाही. नोकरीच्या अर्जात वडिलांच्या रकान्यात 'हयात नाहीत' असं लिहिलं, त्यानंतर तो विषय मी तोंडातून काढलेला नाही. तुम्ही गेल्यावर शाळेत सगळ्यांचा आवाज माझ्याशी बोलताना मऊ व्हायचा. मला ते आवडायचं नाही.

डिसेंबरात काका आले. तुमचा खलाशी, तुम्ही जमिनीच्या पाहणीच्या कामावर लेव्हल, ती उंच-सखल मोजायची दुर्बीण, लावून बसायचे तेव्हा समोर तीनशे फुटांवर ती आकड्यांची उंच लाकडी पट्टी, तुमचा स्टाफ, सरळ धरून उभे राहणारे काका. आता निवृत्त झालेत, इंदोऱ्याला राहतात. यंत्रखोलीच्या दारात चपला काढून आत आले, "जयभीम, पोरी," म्हणाले आणि रेक्झिनच्या पिशवीतून जुन्या धोतरात गुंडाळलेला एक नळा काढून टेबलावर ठेवला.

"काय आहे काका?"

"दुर्बीण हाय. म्या बनवली. पाखरं पाहाची."

"तुम्ही कधीपासून पाखरं पाहायला लागलात?"

"साहेब पाहे ना. मी तिकडं स्टाफ धरून उभा राहो, मले का दिसन? आता मी इकडून पाहून राहिलो."

त्यांच्या शेजारी एक जुळारी राहतो. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतो आणि रविवारी एका निसर्ग मंडळात पक्षी मोजायला जातो. मंडळात अकरा माणसं आणि दोन डोळ्यांची छोटी दुर्बीण एक. थंडीत पारशिवनीकडच्या एका तलावावर बाहेरून बदकं येतात, ती काठापासून इतकी लांब बसतात की त्या छोट्या दुर्बिणीतून नुसते ठिपके दिसतात. परदेशी मोठी दुर्बीण घेणं मंडळाच्या आवाक्यातलं नाही. काकांनी जुळाऱ्याला म्हटलं, मी बनवून देतो. मंडळाच्या अध्यक्षबाई प्राणीशास्त्राच्या प्राध्यापिका आहेत. त्यांनी अट घातली की कोणीतरी जाणकाराने तपासून लेखी द्यावं. अहवाल चांगला आला तर ही दुर्बीण मंडळ घेईल आणि आणखी सहा त्यांच्या ओळखीच्या शाळा घेतील.

"सहाची नळी कापून ठेवली हाय," काका म्हणाले.

"आधी मला तपासू तर द्या."

"तपास ना. तू तपासशीन तं पास होईनच."

"असं काही नसतं काका."

"हाव, हाव. साहेबही असंच म्हणे."

पुढची काच तुमच्याच लेव्हलची आहे असंही त्यांनी सांगितलं. मोडीत निघालेल्या यंत्रांच्या ढिगातून त्यांनी ती ओळखून काढली म्हणे. मी त्यावर विश्वास ठेवलेला नाही. त्या काळच्या शंभर लेव्हलींना तीच काच असायची, आणि काकांना मला खूश करायचं होतं. तसं अहवालात लिहिण्याचा प्रश्नच नव्हता.

पण बाबा, दुर्बीण पाहून मला मौज वाटली. नळी पाण्याच्या प्लॅस्टिक पाइपाची. आतून फळ्याला देतात तो काळा रंग, चकाकी नसलेला. आतल्या भिंतीवरून उजेड परतू नये म्हणून पुठ्ठ्याच्या कड्या कापून ठरावीक अंतरावर बसवलेल्या, प्रत्येक कडी आधीच्यापेक्षा थोडी लहान. हे त्यांना कोणी शिकवलं? विचारलं तर म्हणाले, "उघडून पाह्यलं ना एक." डोळ्याकडची काच एका फुटक्या सूक्ष्मदर्शकाची. नळीत नळी सरकवून स्पष्टता आणायची. सरकणारा भाग सैल होऊ नये म्हणून मधे सायकलच्या ट्यूबची पट्टी. मी ती घेऊन चार दिवस जेवणाच्या सुट्टीत कॉलेजच्या लांब व्हरांड्यात बसले. एका टोकाला काळ्या-पांढऱ्या रेघांचा तक्ता टांगला, दुसऱ्या टोकाला दुर्बीण. वीस पट मोठं दिसतं, हे दोन वेगळ्या रीतींनी मोजलं. मधला दोन-तृतीयांश भाग उत्तम, त्यापुढे कडेला रेघा विरघळतात. पांढऱ्यावर काळं असेल तिथे किंचित जांभळी किनार येते, ती वीस पटीला येणारच. मैदानात स्टाफ उभा करून शंभर मीटरवरून सेंटीमीटरचे भाग वाचले, एकही चुकला नाही. चष्मा लावूनही पूर्ण गोल दिसतो. स्टँड वाऱ्याने थरथरतं, पण खाली दगडाची पिशवी टांगली की थांबतं.

मग दोन सकाळी अंबाझरीच्या बांधावर गेले. रेघांचा तक्ता वेगळा आणि पाणकावळा वेगळा. तो पंख पसरून खुंटावर वाळत बसला होता. मला त्याच्या पाठीवरची खवल्याखवल्यांची नक्षी दिसली आणि हिरवा डोळा दिसला. इतक्या लांबून डोळ्याचा रंग दिसेल असं मला वाटलं नव्हतं. तो उडाला तेव्हा मी त्याच्यामागे दुर्बीण फिरवली आणि तो पलीकडे पाण्यात उतरेपर्यंत गोलातून सुटला नाही. तेही लिहिलं: 'उडत्या पक्ष्याचा मागोवा सहज घेता येतो.' परत येताना मी सायकलवरून उतरून थोडा वेळ चालले. तुमच्यानंतर मी पक्षी पाहिलेच नव्हते, हे तेव्हा ध्यानात आलं.

तुमच्याबरोबर पाहिले होते ते दिवाळीच्या सुट्ट्यांत, खाप्याच्या बाजूला तुमचा कॅम्प असायचा तेव्हा. दिवसाचं काम संपलं की तुम्ही लेव्हल लगेच पेटीत ठेवायचे नाहीत, तलावाकडे फिरवायचे आणि मला रिकाम्या पेटीवर उभं करायचे. एकदा तलावातली बदकं तुम्ही आधी पाहिली आणि पुटपुटलात, "आठक असतीन." मग मला म्हणालात, पाहा. मी डोळा लावला आणि म्हटलं, आठ. तुम्ही म्हणालात, "माह्या तोंडाचं नको वाचू वं. नळीतलं वाच." मी पुन्हा मोजलं. पुन्हा आठच म्हटलं, कारण तुम्ही चुकाल असं मला वाटत नव्हतं. तुम्ही मला तसंच उभं ठेवलं. काका चहा घेऊन आले, तुम्ही प्यायलात, मला दिला नाही. चौथ्यांदा मोजली तेव्हा अकरा निघाली. तीन गवतात होती. "मंग?" तुम्ही म्हणालात, "तुह्या डोळ्यानं पाहून राहिली का बापाच्या?" मी रडले नाही. चहा गार झाला होता, तोच प्यायले.

अहवाल टाइप करून मी काकांच्या हाती पाठवला. अध्यक्षबाईंनी उलट निरोप दिला की पुढच्या रविवारी तलावावर या, सगळ्यांसमोर वाचून दाखवा. मी असल्या ठिकाणी जात नाही. पण काका म्हणाले, "तू आली तं मले बोलावं लागणार नाही," म्हणून गेले.

पहाटेच्या एसटीने पारशिवनी, तिथून तलावापर्यंत चालत. बांधावर धुकं होतं, मग ते उठलं. पलीकडच्या उथळ पाण्यात चमचे होते, चपट्या चोचीचे ते पांढरे पक्षी, वीसेक. त्यांच्या मागे बदकांची काळी रेघ. काकांनी इस्त्रीचा कोट घातला होता. मी स्टँड लावलं, चमच्यांवर दुर्बीण बसवली, दगडाची पिशवी टांगली आणि अहवाल वाचला, सतराच्या सतरा नोंदी. जुळारी मान डोलावत होता. मग अध्यक्षबाईंनी शाल मागे सारून डोळा लावला.

"चमचे आहेत का गोलात?" मी विचारलं.

"आहेत." त्यांनी नळी जरा मागेपुढे सरकवून पाहिली. मग डोळा न काढताच म्हणाल्या, "अहो, पण हे उलटे आहेत."

"काय उलटे?"

"सगळंच. पाणी वर आहे."

मागे कोणीतरी हसलं. मी बाईंना बाजूला व्हायला सांगितलं आणि पाहिलं. चमचा होता. चोच पाण्यात घालून ती इकडून तिकडे ओढत चालला होता, मानेपाशी पिवळसर झाक होती, सगळं स्पष्ट. मी म्हटलं, "ठीक तर आहे." बाबा, मी हे खरंच म्हणाले, दहा माणसांसमोर. मग मी दुसरा डोळाही उघडला. एका डोळ्याने नळीतला चमचा, दुसऱ्याने नळीबाहेरचा तलाव. तेव्हा चित्र फिरलं. आधी काही नव्हतं आणि मग एकदम होतं: पाणी छतासारखं वर, त्याला पाय चिकटवून चमचे खाली लोंबताहेत, आणि त्यांच्या पाठीखाली खोल, निळं, रिकामं आकाश.

चार दिवस व्हरांड्यात आणि दोन सकाळी बांधावर मी हेच पाहत होते. रेघांचा तक्ता उलटा काय, सुलटा काय, सारखाच. स्टाफवरचे आकडे तर मी उलटेच वाचत आले आहे. आणि पाणकावळा मला पाणकावळा दिसला होता.

"उलटं तं दिसनच ना बाई," काका अध्यक्षबाईंना समजावत होते. त्यांना खरंच कळत नव्हतं की तक्रार काय आहे. "दुर्बीण हाय थे. जुनी सरकारी लेव्हल पाहा, थेही उलटंच दाखवते. अजून दोन काचा टाकल्या तं सरळ होते, पण थ्या काचा उजेड खातेत. कायले टाकाच्या?"

"अहो, पण बदकं डोक्यावर पोहत असताना मी मोजू कशी?"

"सरळ मोजता तशीच. डोके तितकेच रायतीन."

आता सगळेच हसले. काकाही हसले, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातातले कागद घेतले, तीनही पानं चाळली आणि हळू आवाजात विचारलं, "यात उलट्याचा उल्लेखच नाही. तुम्हाला दिसलं नव्हतं?"

'दिसलं होतं, पण महत्त्वाचं वाटलं नाही' असं म्हणता आलं असतं. काकांचंही भलं झालं असतं आणि माझंही. मी "नाही" म्हणाले.

बाई वाईट नाहीत. त्यांनी मला बाजूला नेलं. "असू द्या. पहिलं पान बदला, एक ओळ वाढवा. आमच्यातलं कोणी काही बोलायचं नाही." त्यांना माझ्यावर उपकार करायचा होता. मला मात्र तुमच्या फील्डबुकातली ती जागा आठवली. मी आठ वर्षांची असेन. तुमच्या वहीत एक आकडा चुकून त्यावर रेघ मारून शेजारी दुसरा लिहिलेला होता. मला ते घाण दिसलं, म्हणून मी खोडरबराने दोन्ही आकडे पुसले आणि बरोबर तेवढा सुबक अक्षरात लिहिला. तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही पेटीतून लेव्हल पुन्हा काढली, काकांना स्टाफ घेऊन पुन्हा त्या खुंटीपाशी पाठवलं, मला उन्हात शेजारी उभं केलं आणि तो एक आकडा पुन्हा घेतला. आकडा तोच आला. "तोच तर आहे," मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, "हाव. पण पुसलेल्या आकड्याले साक्षीदार रायत नाही." तुम्ही रेघ मारलेली चूक वहीत राहू द्यायचे. पुढे कोणाला शंका आली तर काय चुकलं होतं तेही दिसलं पाहिजे म्हणून.

मी बाईंना सांगितलं की पहिला अहवाल आहे तसाच राहील. त्याला मी दुसरा जोडीन, त्यात चूक लिहीन. आणि मला तीन रविवार द्या. त्यांनी भुवई उंचावली, पण दिले.

मला आता त्या उलटेपणाचीच उत्सुकता लागली होती. तो माझ्या डोळ्यांतून गेला कधी? मी आठवत बसले. पहिल्यांदा पेटीवर उभी राहिले तेव्हा सात वर्षांची होते आणि एक ढोकरी, तो भुरका बगळा, पाण्यापासून खाली लटकलेली पाहून किंचाळले होते. तुम्ही म्हणालात, चार दिवस पाहा, मग उलटं दिसणार नाही. त्याच कॅम्पवर गावातली एक म्हातारी तुमच्याकडे आली होती, नळीतून पाहू द्या म्हणून. तुम्ही समोर जे होतं ते दाखवलं, ते नेमकं देऊळ निघालं. "काहून गा साहेब," ती म्हणाली, "आमचा देव काहून पाडला?" तुम्ही तिला आधी दुसरीकडे फिरवून एक झाड दाखवलं, मग तिचीच सून दाखवली. सून उलटी पाहून ती इतकी हसली की तुमची लेव्हल हलली आणि पुन्हा लावावी लागली. चौथ्या दिवशी काय झालं ते मात्र मला आठवत नाही. उलटं दिसायचं थांबलं तो क्षण माझ्याकडे नाही. त्यानंतर शाळेत बाईंच्या टेबलावरचं पुस्तक मी समोरून वाचायचे आणि सगळ्यांना तसं येत असेल असं समजायचे.

तेव्हा हे मोजायचं ठरवलं. मंडळातली आठ माणसं, तीन रविवार. पलीकडच्या काठावर मी एक पक्षी सांगणार, त्यांनी तो दुर्बिणीत आणायचा, मी घड्याळ पाहणार. पहिल्या रविवारी तमाशा झाला. पक्षी गोलात डावीकडे दिसला की माणूस दुर्बीण डावीकडे ढकलतो, आणि पक्षी गोलातून निघून जातो. एका गृहस्थांनी मान इतकी वाकडी केली की टोपी पाण्यात पडली. फक्त जुळाऱ्याने तासाभरात सगळे पक्षी बिनचूक आणून दाखवले. मी कारण विचारलं. "खिळे उलटेच वाचाचे रायतेत ना," तो म्हणाला, "बदक तं त्याहून सोपं. त्याले काना-मात्रा नाही." दुसऱ्या रविवारी आठांपैकी तिघांचा वेळ निम्म्यावर आला. तिसऱ्या रविवारी पाच जण बसलेला पक्षी नीट आणू लागले. त्यातली एक शाळेतली शिक्षिका म्हणाली, "आज मला उलटं वाटलंच नाही, घरी जाताना आठवलं." मी ते तिच्याच शब्दांत लिहून घेतलं. अध्यक्षबाईंना शेवटपर्यंत जमलं नाही. उडता पक्षी जुळारी सोडून कोणालाही धरता आला नाही.

म्हणजे माझी ती नोंद, 'मागोवा सहज घेता येतो', ती फक्त माझ्यापुरती खरी होती. आणि काकांपुरती, कारण त्यांनीही तुमच्या मागे उभं राहून अधूनमधून डोळा लावलेला होता. हे मला उलटेपणाची ओळ राहिल्यापेक्षा जास्त लागलं. ओळ राहणं ही चूक. ही नोंद मी मोजून, खात्रीने, सही करून दिली होती.

घरी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "बाप उलटं पाहे," ती म्हणाली, "पोरगी उलटं पाहते. माह्या नशिबी सरळ पाहणारं कोणीच नाही." मग तिने तव्यावरची भाकरी उलटवली आणि आपल्याच बोलण्यावर हसली. तुमच्याबद्दल बोलताना ती हसते, हे मला त्या दिवशी प्रथमच नीट दिसलं. मी कधी बोलत नाही, त्यामुळे तीही माझ्यासमोर बोलत नसावी.

दुसरा अहवाल दोनच पानांचा झाला. वर पहिल्या अहवालातली चूक, खाली तीन रविवारची मापं, शेवटी निष्कर्ष: स्टँडवरून बसलेले पाणपक्षी मोजण्यासाठी योग्य, सरावासाठी तीन बैठका द्याव्यात, उडत्या पक्ष्यांसाठी अयोग्य, शाळांसाठी प्रतिमा सरळ करणाऱ्या काचा घालून पुन्हा तपासणी व्हावी. परवा अध्यक्षबाईंच्या घरी सभा झाली, तिथे वाचला. काकाही आले होते. मंडळाने ही एक दुर्बीण आहे तशी ठेवून घेतली. शाळांच्या सहांचं काचा घातलेला नमुना पाहून ठरेल. काकांनी जरा कुरकुर केली. "लांब होईन नळी, आन संध्याकाळी अंधारी दिसन. मंग मले बोलू नका." पण पिशवीतून चिठ्ठी काढून काचांची मापं त्यांनी मला विचारून लिहून घेतली. सहा नळ्या वाया जाणार नाहीत, फक्त प्रत्येकीला एक तुकडा जोडावा लागेल. माझ्या सहीचं काय झालं ते सांगता येत नाही. बाईंनी त्यांच्या कॉलेजचे दोन सूक्ष्मदर्शक तपासायला पाठवते म्हणून सांगितलं, त्यावरून बरं झालं असावं.

मग चहा आला, आणि चहा ओतता ओतता बाईंनी विचारलं, "एक मात्र मला अजून कळलं नाही. रागावू नका. यंत्रं तपासणाऱ्या माणसाला, तेही तुमच्यासारख्या काटेकोर, सहा दिवस उलटं दिसत असून कळलं कसं नाही?" त्यात टोमणा नव्हता. मी तीन रविवार त्यांना प्रश्न विचारले होते, तसाच त्यांचा हा प्रश्न होता. खोलीतले सगळे माझ्याकडे पाहू लागले.

उत्तर मला माहीत होतं. 'माझे वडील' असं त्याची सुरुवात होती. वाक्य पूर्ण तयार होतं, त्यात खाप्याचा कॅम्प होता, लेव्हलची पेटी होती, आणि ते खरं होतं. मी म्हणाले, "नोकरीत रोज उलटंच पाहते ना." आमच्याकडच्या निम्म्या यंत्रांत आता सरळ दिसतं. पण ते सगळ्यांना पटलं. बाई "हं, नोकरीचा परिणाम," म्हणाल्या आणि बशी पुढे केली. काकांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून बराच वेळ कागद गोळा करत राहिले.

कागद दोनच होते, बाबा.